तोंड लावलेला धोटा

पडद्यावर एक माणूस हसला आणि मला शिसारी आली. हसणं तसं वाईट नव्हतं. पण त्या माणसाचा उभ्या आयुष्यात एकच फोटो निघाला, त्यात त्यानं ओठ घट्ट मिटलेले आहेत, आणि त्याच्या मरणानंतर इतक्या वर्षांनी पुण्यात बसून कुणीतरी कॉम्प्युटरवर ते ओठ उघडून आत पांढरेशुभ्र दात बसवले होते. मी तिसऱ्या रांगेत होते. शेजारी त्या माणसाची मुलगी बसली होती. पंचाहत्तरी उलटलेली बाई, मांडीवर आयोजकांनी दिलेली चादर आणि नारळ. सोलापुरात एखाद्याला गप्प बसवायचं असेल तर आधी चादर आणि नारळ देतात.

या प्रकारात माझाही हात आहे, म्हणून पहिल्यापासून सांगते.

मी एका स्थानिक वर्तमानपत्राच्या कात्रण विभागात बावीस वर्षं काढली. सकाळी सगळी वर्तमानपत्रं पुढ्यात घ्यायची, कामाचं कापायचं, डिंकानं कागदावर चिकटवायचं, वर विषय लिहायचा. विभाग बंद झाला तेव्हा सगळी खोकी रद्दीत निघाली होती. मी ती रिक्षात घालून भवानी पेठेतल्या घरी आणली. नवरा म्हणाला, "आता आपण झोपायचं कुठं, तेही एका कागदावर चिकटव." तेव्हापासून जुन्या सोलापूरवर कुणाला काही लिहायचं, दाखवायचं असलं की तो माझ्या दारात येतो.

तसा हा दिग्दर्शक आला. पस्तिशीचा, दाढी राखलेला, बोलायला गोड. दारातच वाकून पाया पडला. पहिल्या भेटीत पाया पडणाऱ्यापासून चार हात लांब राहावं, एवढं मला अठ्ठावन्नाव्या वर्षी कळायला हवं होतं. बंद पडलेल्या एका मिलवर त्याला माहितीपट करायचा होता. मोबाईलवर दिसणाऱ्या कुठल्याशा चॅनेलनं तो घ्यायचं कबूल केलं होतं. त्याला जुने फोटो हवे होते, जुनी फिल्म हवी होती, जमलं तर जुनी माणसं हवी होती.

फोटो होते. पण कशाचे? हार घातलेले मालक. बंदरातून आलेली यंत्रं आणि त्यांच्या शेजारी टोपीवाला साहेब. खुर्च्यांवर अधिकारी, मागं उभे कारकून, आणि त्यांच्याही मागं कामगार म्हणून पांढुरका डाग. दोन मिनिटांची मुकी फिल्म मिळाली, तिच्यात कुणीतरी फीत कापत होतं. काम करणारा माणूस काम करताना एकाही ठिकाणी नव्हता. कॅमेरा खात्यात आलाच तर सगळ्यांना माग थांबवून सरळ उभं राहायला सांगायचे.

म्हणून मीच म्हणाले, "जिथं फोटो नाही तिथं चित्र काढा, आणि ते चित्र हलवा. हल्ली सगळं हलतं की."

त्याला ते फार आवडलं. अ‍ॅनिमेशन करणारी माणसं त्याच्या ओळखीची होती. मग काय काढायचं तेही मी सांगत बसले. माझे वडील त्याच मिलमध्ये साळखात्यात होते, साळखातं म्हणजे विणकामाचं खातं. धोटा कसा चालतो हे त्यांनी मला लहानपणी दाखवलं होतं. मागावर आडवा दोरा घेऊन ये-जा करणारा, दोन्ही टोकांना निमुळता लाकडी धोटा, आत सुताची कांडी. कांडी संपली की माग थांबवायचा, नवी कांडी घालायची आणि दोऱ्याचं टोक धोट्याच्या बाजूच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. बोटानं ते निघत नाही, आणि तार घालून काढत बसायला वेळ नसतो. म्हणून भोकाला तोंड लावायचं आणि जोरात झुरका मारायचा. दोरा सुळकन तोंडात येतो. दोऱ्याबरोबर सुताचं तूस येतं, खळ येते, तेल येतं. दिवसभर हेच. पाळी बदलली की तेच धोटे दुसऱ्या माणसाच्या तोंडाला. वडिलांचे पुढचे दात त्यातच गेले होते.

दिग्दर्शकानं तोंड वाकडं केलं.

"तुमची आई सुईत दोरा ओवताना काय करते?" मी विचारलं.

"ओला करते."

"कशानं?"

तो हसला. माझी आई दोऱ्याचं टोक ओठांत धरायची, दातानं तोडायची आणि ओवलेली सुई माझ्या हातात द्यायची. सगळ्यांच्याच आया असं करतात, तेव्हा त्यात किळस कसली, असं मी त्याला सुनावलं. त्यानं वहीत लिहून घेतलं.

पण हा झुरका मला दाखवायचा होता तो दातांसाठी नव्हे. मिलमध्ये सगळ्या जातींची माणसं होती, साळखात्यात मात्र नव्हती. तेव्हा ज्यांना अस्पृश्य म्हणत त्या घरांतली माणसं रिंग खात्यात, म्हणजे सूत कातायला, नाहीतर झाडलोटीला. साळखात्यात पगार जास्त, आणि तिथं त्यांना मज्जाव. कारण हेच की एकाच्या तोंडचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला जातो. अस्पृश्यता बंद करणारा कायदा आला, पण धोट्याचं भोक होतं तिथंच राहिलं. वडिलांनी मला धोट्याचं सगळं सांगितलं होतं, एवढं सोडून. हे मला मावशींनी सांगितलं.

मावशी म्हणजे माझ्या शेजारी चादर घेऊन बसलेली ती बाई. बौद्ध घरातल्या, एका शाळेत शिपाई म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या. मी नोकरीत असताना एकदा कात्रण विभागात आल्या होत्या. आपल्या वडिलांना साळखात्यात घेतलं त्याची बातमी कधी छापून आली होती का, हे त्यांना बघायचं होतं. मी तीन दिवस खोकी उपसली. मालकाच्या नातवाच्या मुंजीची बातमी सापडली. ही नव्हती. मावशी "बरं" म्हणाल्या आणि गेल्या. दर दोन-तीन वर्षांनी येऊन पुन्हा विचारायच्या, नवीन काही घावलं का म्हणून.

दिग्दर्शकाला मी त्यांच्या घरी नेलं. दोन खोल्या, स्वच्छ सारवल्यासारखी फरशी, कोनाड्यात बुद्धाची मूर्ती. मावशींनी आम्हाला कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही वाढलं. मी पोटभर खाल्लं. परत येताना मला स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं होतं, खोटं कशाला सांगू.

जेवण झाल्यावर त्या आपल्या वडिलांविषयी, आबांविषयी, सांगायला कॅमेऱ्यासमोर बसल्या.

"आबा रिंग खात्यात हुता," त्या म्हणाल्या. "साळखात्यात मानसं कमी पडली तवा बदलीवर घेतला. पयल्या दिवशी आजूबाजूची मानसं माग सोडून भाईर जाऊन बसली. मग मुकादमानं आबाला सांगितलं, तुजा धोटा तुज्यापाशीच ठेव. पाळी सुटली की घरी घिऊन जा, हितं ठिवू नगंस."

"घरी?" दिग्दर्शकानं विचारलं.

"व्हय, घरी. मिलचं फडकं भाईर न्हेलं तरी नोकरी जायची. आबाचा धोटा गेटवर कुनी इचारला न्हाय. कवा चुकून मागावर ऱ्हायलाच, तर दुसऱ्या पाळीचा मानूस उचलायचा, पुसायचा, मग तोंड लावायचा. आबाच्या म्होरंच पुसायचा."

त्यांनी पत्र्याच्या पेटीतून तो धोटा काढला. काळपट, गुळगुळीत, टोकाचं लोखंड गंजलेलं. त्यात कांडी घातली, भोकाला तोंड लावलं आणि झुरका मारला. दोरा आला. कॅमेऱ्यात ते सगळं आलं. मग त्यांनी भिंतीवरचा फोटो उतरवला. मावशींच्या लग्नात काढलेला. फोटोवाला हसा म्हणत होता आणि आबांनी ओठ आवळून धरले, कारण तोवर पुढचे दात काळे पडून झिजले होते.

"ह्यो एकच हाय," फोटो माझ्या हातात देत त्या म्हणाल्या. "तुमच्या हातात देते, त्यांच्या न्हाय. तोंडानं दोरा वडायचा ते दाखवा. आबा साळखात्यात गेला आन काय सोसून तितं ऱ्हायला, ते एकदा लोकास्नी कळू द्या. बाकी मला काय नगं."

मी शब्द दिला.

महिन्याभरानं अ‍ॅनिमेशनचा पहिला नमुना आला. निळ्या उजेडात एक सडपातळ, गोरा विणकर उभा होता आणि त्यानं धोटा आडवा धरून बासरीसारखा ओठांना लावला होता. वरून सुताचं तूस पडत होतं, पण ते बर्फासारखं भुरभुरत होतं. सोलापुरात, मिलच्या उकाड्यात, बर्फ. मी तीन पानी दुरुस्ती लिहून पाठवली. माणूस सावळा करा, घामेजलेला करा, तूस नाकातोंडात जाताना दाखवा, धोटा असा धरा, तोंड इथं लावा. सोबत मावशींच्या झुरक्याचा व्हिडिओ पुन्हा बघा म्हणून लिहिलं.

दुसरा नमुना आला तेव्हा माणूस सावळा झाला होता आणि झुरका गेला होता. नाजूक बोटांनी तो दोरा भोकातून काढत होता, लग्नातल्या मुंडावळ्या सोडवाव्यात तसा. मी फोन केला.

"मॅडम, लोक हे मोबाईलवर जेवता जेवता बघतात," तो म्हणाला. "थुंकी चालत नाही. करोनानंतर तर नाहीच."

"थुंकी कुठं आहे? झुरका आहे तो."

"दिसतं तसंच ना. चॅनेलवाले म्हणतात, घाण वाटतंय."

"अहो, घाण वाटत होतं म्हणूनच त्या माणसाला खात्यात घेत नव्हते. तेच तर दाखवायचंय. बोटानं दोरा निघत असता तर भांडण कशाचं होतं?"

"ते मी निवेदनात एका ओळीत घेतो," तो म्हणाला.

मी चिडले, दोन-चार शब्द जास्तच बोलले, आणि फोन ठेवला. बस्स, एवढंच केलं. फोटो परत मागायला हवा होता. मावशींना जाऊन सांगायला हवं होतं. मी गप्प बसले, कारण सुरुवातीच्या पाटीत 'संशोधन' म्हणून माझं नाव येणार होतं. बावीस वर्षं दुसऱ्यांची नावं कापून चिकटवल्यावर आपलं नाव पडद्यावर बघायची हौस कुणाला नसते? त्या हौसेची मला आता किळस येते, पण तेव्हा ती होती.

खेळ सोलापुरातच एका सभागृहात ठेवला होता. मिलचे जुने कामगार आले होते, त्यांची नातवंडं आली होती, भाषणं झाली. मावशींना मंचावर बोलावून चादर दिली. मग दिवे गेले. मालक आले, हार आले, फीत कापली गेली. माझं नाव आलं आणि गेलं. पुढं नाजूक बोटांचा विणकर आला, निळ्या उजेडात, वरून बर्फ. निवेदकाच्या भरदार आवाजात ती एक ओळ आली. अनेक अडथळ्यांवर मात करून हा कामगार विणकर झाला, अशी. अडथळे कसले ते प्रेक्षकांनी आपापल्या घरी जाऊन ठरवायचं.

मग चित्रातला माणूस संध्याकाळी मिलच्या गेटमधून बाहेर पडला. काखेत धोटा. मागं बासरी सुरू झाली. निवेदक म्हणाला, कामावर त्याची इतकी माया होती की तो आपला धोटा रोज घरी घेऊन जात असे. चित्रातल्या माणसानं धोटा उशाशी ठेवला, त्यावरून हात फिरवला आणि डोळे मिटले. ज्या धोट्याला खात्यात ठेवून घ्यायला कुणी तयार नव्हतं, त्याची यांनी अंगाई केली होती. आणि शेवटी तो फोटो. मिटलेले ओठ थरथरले, उघडले, आबा आमच्याकडे बघून मनसोक्त हसले. सभागृहात टाळ्या पडल्या.

मावशी माझ्या कानाशी आल्या.

"ताई, आबाला दात कुनाचं बसिवलं?"

तेवढ्यात दिवे लागले. दिग्दर्शक आला, वाकून त्यांच्या पाया पडला आणि म्हणाला, "आजी, बाबांना आम्ही जिवंत केलं."

"व्हय, लई झ्याक केलं," मावशी म्हणाल्या. बाहेर रिक्षात बसताना मात्र मला म्हणाल्या, "तोंडानं दोरा वडलाच न्हाय की कुनी."

मी परत आत गेले. दिग्दर्शक लोकांत उभा राहून वडा खात होता. मी त्याला सगळ्यांसमोर झाडलं. म्हटलं, तुम्ही त्या माणसाला दुसऱ्यांदा खात्याबाहेर काढलंत, आणि या खेपेला हसायला लावून. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, तुम्ही जरा भावनिक होताय," आणि कागदी रुमालाला हात पुसले. मला त्याच्या बोटांची, त्या वड्याची, त्या चादरींच्या ढिगाची, सगळ्याचीच घाण वाटली. घरी आल्यावर मी साबणानं हात धुतले, उगीचच.

दोन दिवसांनी दिग्दर्शकाकडून फोटो मागवून घेतला आणि मावशींना परत द्यायला गेले. मनात ठरवून गेले होते. मी वर्तमानपत्रात गुंडाळून नेलेला फोटो मावशींनी खिळ्याला लावला, लांब उभं राहून बघितला. ओठ मिटलेले होते. त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

"मावशी, आपण दोघींनीच करू," मी म्हटलं. "तुम्ही सगळं सांगा, दोरा ओढून दाखवा, मी मोबाईलवर घेते. काही कापणार नाही, काही बसवणार नाही. चार माणसांनी बघितलं तरी खरं बघतील."

"मी दाखवलं की एकदा. दाखवून काय झालं?" त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आता तुमी वडा. तुमच्या वडलांचंच खातं हुतं. मी धरते मोबाईल."

मला ते पटलं. किंबहुना आवडलं. मोबाईल कसा धरायचा ते मी त्यांना दाखवलं, लाल खूण आली की चालू आहे म्हणून सांगितलं. त्यांनी पेटीतून धोटा काढला, कांडी बसवली. भोक मोकळं आहे का बघायला त्यांनी एकदा तोंड लावून झुरका मारला. दोरा आला. तो त्यांनी परत आत सारला, एका हातात मोबाईल धरला आणि दुसऱ्या हातानं धोटा माझ्यापुढं केला. खिडकीतून ऊन येत होतं. भोकाच्या भोवती लाकूड ओलं दिसत होतं.

मी धोटा घेतला, पदराच्या टोकानं पुसला आणि तोंडाकडं नेला.

"अस्संच," मावशी म्हणाल्या.

मी थांबले.

"आबाच्या मागावरनं उचलला की अस्संच पुसायचे," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. एखादी गोष्ट बरोबर जमली की सांगतात तसं त्यांनी सांगितलं. "वडा आता. चालू हाय."

मी तोंड लावलं. पहिल्या झुरक्याला दोरा आला नाही, दुसऱ्याला आला. जुन्या तेलाची आणि लाकडाची चव तोंडात राहिली. मी काहीतरी बोलले असेन, सवय आहे मला, धूळ पुसायची सवय आहे, कात्रणांत आयुष्य गेलं, असं काहीतरी. मावशींनी मान हलवली आणि चहा ठेवायला उठल्या. जाताना मोबाईल माझ्या हातात दिला.

"ह्यो दाखवा लोकास्नी," म्हणाल्या. "ह्यात आबाचं काय झालं ते दिसतंय."

मी घरी आले. तोंडाला लागलेली वस्तू कुणीही पुसेल, असं स्वतःला समजावून बघितलं. मग आईनं ओवून दिलेल्या सुया आठवल्या. त्यातली एकही मी कधी पुसली नव्हती.

बावीस वर्षांत मी एक कात्रण फेकलं नाही. मुंजीच्या बातम्यासुद्धा ठेवल्या. हा व्हिडिओ काढून टाकायला मात्र दोनदा बोट गेलं. मिनिटभराचाच आहे. मोबाईल थोडा हललाय, पण सगळं नीट आलंय. मी धोटा घेते, पुसते, आणि पुसता पुसता मावशींकडे बघून हसते. अगदी मनापासून, तोंड भरून. ते दात मात्र कुणी बसवलेले नाहीत, माझेच आहेत.